आमच्याकडची चेष्टा

बेळगावात एखादी आई शेजारणीला म्हणाली, "आमचं धाकटं लई चेष्टा करतंय बघ," तर पुण्याकडच्या माणसाला वाटेल, पोरगं कुणाची तरी टिंगल करतंय. तसं काही नसतं. त्यानं सकाळपासून पाण्याच्या घागरीत चपला बुडवलेल्या असतात, आजीचा चष्मा तुळशीकट्ट्यावर नेऊन ठेवलेला असतो आणि मांजराच्या शेपटीला सुताचा धागा बांधलेला असतो. तोंडातून एक अक्षर काढलेलं नसतं. हातापायांनी केलेल्या या सगळ्या उद्योगाला आमच्या घरात, आमच्या गल्लीत चेष्टाच म्हणतात.

पुस्तकी मराठीत चेष्टा हा शब्द थट्टा, मस्करी आणि टिंगल यांच्या पंगतीला बसतो. 'माझी चेष्टा करू नकोस', 'त्यानं माझं बोलणं चेष्टेवारी नेलं', 'चेष्टामस्करी चालली होती', असे त्याचे उपयोग. हातानं करायच्या गोष्टींसाठी खोडी आहे, व्रात्यपणा आहे. म्हणजे तिकडं वाटणी होऊन गेली: हातानं केली ती खोडी, तोंडानं केली ती चेष्टा. आमच्याकडं ही वाटणी झालीच नाही. बेळगावात चेष्टा टिंगलीलाही म्हणतात आणि खोडीलाही, आणि यातली कुठली ते ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. 'तुझी चेष्टा करतोय' म्हटलं की टिंगल. नुसतं 'चेष्टा करतोय' म्हटलं की समजावं, घरातलं काहीतरी जागेवर नाही.

पोरांसाठी शब्दांची आमच्याकडं कमी नाही. वांड आहे, इब्लिस आहे, द्वाड आहे, 'लबाड बेणं' तर लाडाचंच. पण हे सगळे शब्द पोराला लागतात. पोरगं वांड असतं, म्हणजे तो त्याचा स्वभाव झाला. चेष्टा पोराला चिकटत नाही, ती त्यानं केलेल्या कामाची असते. आमची आजी आम्हाला कधी वांड म्हणाली नाही. "चेष्टा पुरे आता," एवढंच म्हणायची. त्यात आम्ही वाईट आहोत असं काही नसायचं, हात आवरा एवढंच असायचं.

हे सगळं डोक्यात यायला कारण घडलं ते भाच्याच्या वहीचं. सुट्टीवरच्या निबंधात त्यानं लिहिलं होतं, 'मी आणि माझ्या भावाने आजोळी खूप चेष्टा केली.' शाळेत त्या शब्दाखाली लाल रेघ आली आणि वर 'खोड्या' असं लिहून आलं. बाईंचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. परीक्षेच्या मराठीत त्यांनी दिलेला शब्दच चालणार. पण पोराचा चेहरा उतरला होता. "घरात सगळी म्हणतात की चेष्टा," असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्या लाल रेघेला उत्तर आहे, आणि ते मला मनापासून द्यायचं आहे.

संस्कृतात चेष्ट् म्हणजे हलणं, हालचाल करणं. चेष्टा म्हणजे हालचाल, अंगाची क्रिया. आपण मराठीत अजूनही 'निश्चेष्ट पडला' म्हणतो ना? त्याचा टिंगलीशी काय संबंध? निश्चेष्ट म्हणजे ज्याची हालचाल थांबली तो. माकडचेष्टा म्हणतो, तेव्हाही माकड कुणाची टिंगल करत नसतं, ते अंगानं चाळे करत असतं. म्हणजे पुस्तकी मराठीच्या घरातसुद्धा जुना अर्थ दोन खोल्यांत राहतोच आहे, नुसत्या 'चेष्टा' या खोलीतून तेवढा तो बाहेर पडला. गीतेच्या सहाव्या अध्यायात 'युक्ताहारविहारस्य युक्तचेष्टस्य कर्मसु' असं येतं. तिथं युक्तचेष्ट म्हणजे ज्याची हालचाल, ज्याची कामं बेतशीर आहेत तो. आणि शाळेत विद्यार्थ्याची पाच लक्षणं पाठ करताना 'काकचेष्टा बको ध्यानं' म्हणतात, तेव्हा कावळ्याची थट्टा शिकायला सांगितलेली नसते. कावळ्यासारखी धडपड, टपून बसण्याची तत्परता सांगितलेली असते.

मला यात सगळ्यांत आवडतं ते आयुर्वेदातलं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातकलाकलीय नावाचा अध्याय आहे. त्यात वायूचं वर्णन करताना त्याला 'प्रवर्तकश्चेष्टानामुच्चावचानाम्' म्हटलं आहे. लहानमोठ्या सगळ्या चेष्टा घडवून आणणारा तो वायू. आता आमची आजी काही चरक वाचलेली नव्हती. पण आम्ही अंगणात नुसतं धावत, उड्या मारत सुटलो की ती म्हणायची, "वारं शिरलंय की रे कानात!" गोठ्यातलं वासरू सोडल्यावर शेपूट वर करून उधळतं, त्याच्या कानात वारं शिरतं असं खेड्यात सगळेच म्हणतात. पोराच्या अंगात चेष्टा कुठून येते, याचं आजीचं उत्तर आणि वैद्याचं उत्तर एकच निघालं. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

मग हा अर्थ आमच्याकडंच का टिकला? माझं उत्तर आहे, शेजारामुळं. कन्नडात हाच शब्द 'चेष्टे' असा आहे आणि त्याचा रोजचा अर्थ खोडी, खोडसाळपणा असाच आहे. आमच्या भागातल्या कन्नड बोलीत 'बेड'चं 'ब्याड' होतं, 'बेरे'चं 'ब्यारे' होतं, तसंच चेष्टेचं 'च्याष्टी' होतं. बेळगावातल्या वडगावात आमच्या भिंतीला भिंत लागून कन्नड घर होतं. तिथली अज्जी तिच्या नातवावर ओरडायची, "च्याष्टी माडब्याड!" आणि त्याच वेळी आमची आई माझ्या भावावर, "चेष्टा करू नको रे!" पेरूच्या झाडावर दोघं एकत्रच चढलेली असायची. दोन्ही घरांतून आलेल्या हाकेत शब्द एकच, धाक एकच. त्या पोरांना पहिला शब्द कुठल्या भाषेतला आणि दुसरा कुठल्या, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दोन भिंतींच्या दोन्ही बाजूंनी रोज वापरला जाणारा अर्थ एका बाजूला पुसून कसा जाईल? तिकडच्या आवाजानं इकडचा शब्द जागा राहिला.

काहीजण याला भेसळ म्हणतात. मला ते पटत नाही. भेसळ म्हणजे बाहेरचं काहीतरी आत घालणं. इथं बाहेरून काही आलं नाही. मराठीचंच होतं ते राहिलं. आणि शेजारणीच्या च्याष्टीतही खोडीबरोबर थट्टासुद्धा आहेच की. 'च्याष्टी माडताव' म्हटलं की 'मस्करी करायला लागलेत' असाही अर्थ होतो. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला, पुढं 1973 साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आमच्या भाषेच्या हक्काचं जे दुखणं आहे ते त्यानंतर कधी थांबलेलं नाही, आणि मराठी शाळेचा, मराठी पाटीचा, मराठी कागदपत्राचा आग्रह मी स्वतः धरते. पण हक्काची भाषा आणि गल्लीतली भाषा या दोन गोष्टी मी एकीत एक मिसळत नाही. गल्लीत आम्ही कन्नडातले अक्का, अण्णा म्हणतो ते कुणी लादलं म्हणून नाही.

हिंदीचा घोळ मात्र वेगळाच. हिंदीच्या तासाला 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न. 'उसने बहुत चेष्टा की' हे वाक्य वर्गात वाचलं की मागच्या बाकावरून खसखस पिकायचीच. बंगालीतही चेष्टा म्हणजे प्रयत्नच. आमच्या ओळखीच्या सराफाकडं एक बंगाली कारीगर बसायचा. माझ्या मावशीच्या मंगळसूत्राची वाटी चेपली होती, ती बाळंतपणातल्या सुनेला घालायची म्हणून घाई होती. संध्याकाळपर्यंत होईल का, असं मालकानं विचारलं, तर कारीगर मान न वर करता म्हणाला, "चेष्टा कोरबो." मावशीचा पारा चढला. "माझ्या सौभाग्याच्या वस्तूची चेष्टा करतो म्हणतोय!" मालकानं हसत हसत समजावलं की प्रयत्न करतो म्हणतोय तो, मावशी. वाटी संध्याकाळी मिळाली, अगदी पहिल्यासारखी. मावशीनं त्याला कुंदा नेऊन दिला. हालचाल, प्रयत्न, खोडी, थट्टा, असा हा एकाच शब्दाचा प्रवास आहे, आणि आमच्या गावाच्या एका पेठेत हे सगळे मुक्काम एका दिवसात भेटू शकतात.

पण मला चेष्टेचा खरा अर्थ समजला तो मागावर.

वडगाव, शहापूर, खासबाग हा आमचा विणकरांचा भाग. पूर्वी हातमाग होते, मग यंत्रमाग आले. आमचे आण्णा यंत्रमागावर होते. दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचं काम माझं. शेडच्या दारात पाऊल टाकलं की कान बंद होतात. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटत असतो, एकाच नाही, सगळ्या मागांचे धोटे, आणि त्या खडखडाटात शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथं सगळं बोलणं हातांनी चालतं. अंगठा ओठाशी नेला की चहा. दोन्ही तर्जन्या एकमेकींपासून झटक्यात दूर केल्या की धागा तुटला. बोटांची चिमट फिरवली की धोट्यातली सुताची कांडी संपली. मालक आत येताना दिसले की पहिला जो बघेल तो नाकावरचा चष्मा सरकवल्यासारखं करायचा, आणि ती खूण एका मागावरून दुसऱ्या मागावर जात शेवटच्या माणसापर्यंत मालकांच्या आधी पोचायची.

त्या शेडमधली निम्मी माणसं कन्नड बोलणारी, निम्मी मराठी. आत भाषाच नव्हती, त्यामुळं प्रश्नच नव्हता. आणि तिथं जी चेष्टा चालायची, ती बघण्यासाठी मी डबा रिकामा होईपर्यंत दारात उभी राहायची. एक जण कांडी बदलायला वाकला की दुसरा हळूच येऊन त्याच्या बनियनच्या मागं वाया गेलेल्या सुताचा लांब झुबका खोवायचा. तो गडी तसाच शेपूट घेऊन चार मागांमधून फिरायचा, तुटलेले धागे जोडायचा, घाम पुसायचा. बाकीचे सगळे अगदी गंभीर चेहऱ्यानं आपापल्या कापडाकडं बघत. चहाला म्हणून तो बाहेर गेला आणि टपरीवर हशा झाला की मग परत यायचा, झुबका हातात धरून, आणि दोन्ही हात पसरून विचारायचा. आवाज ऐकू येत नसला तरी ओठांवरून कळायचं, "यार माड्यार इदू?" कुणी केलं हे? आणि शेडमधला प्रत्येक जण बोट करायचा ते समोरच्या मागाकडं. मागानं केलं! मग तोही हसायचा. दुसऱ्या दिवशी शेपूट दुसऱ्याला.

ही चेष्टा तोंडाची की हातांची? टिंगल की खोडी? तिथं हा प्रश्न विचारायला जागाच नव्हती. अंगाची हालचाल, तीतून केलेली खोडी, तीतून झालेली थट्टा, सगळं एकाच झुबक्यात. भाच्याच्या वहीतली लाल रेघ बघितली तेव्हा मला ही शेड आठवली.

त्या शेडचा एक नियमही होता आणि तो आण्णांनी मला घरी सांगितला. चालत्या मागाशी हात असलेल्या माणसाची चेष्टा करायची नाही. धोटा कधीकधी उडतो. लाकडाचा, टोकाला धातू बसवलेला तो धोटा वेगानं मागाबाहेर आला की माणसाचा डोळा जाऊ शकतो. म्हणून झुबका खोवायचा तो माग थांबलेला असतानाच. कितीही इब्लिस माणूस असो, हा नियम मोडलेला आण्णांनी कधी बघितला नाही. गीतेतल्या 'युक्तचेष्ट'चा अर्थ मला कुणी विचारला तर मी हेच सांगते.

कुचेष्टा वेगळी. कुचेष्टेत समोरच्याला हसू येत नाही आणि ते येऊ नये अशीच करणाऱ्याची इच्छा असते. पुण्यात शिकायला असताना माझ्या बोलण्याची नक्कल व्हायची. आमच्याकडं बायकाही 'मी येतो', 'मी सांगतो' म्हणतात. 'काय करायलास?' असं विचारतात. मैत्रिणी त्याची नक्कल करायच्या ती चेष्टा होती, कारण लगेच त्या विचारायच्या, अजून काहीतरी बोल ना तुमच्याकडचं. मीही त्यांच्या नाकातल्या 'अय्या'ची नक्कल करायची. पण एका ठिकाणी, भर सभेत, माझं बोलणं ऐकून एक गृहस्थ म्हणाले, हे मराठी आहे का? सगळे हसले. ती कुचेष्टा होती. दोन्ही वेळी माझ्याच बोलीला लोक हसले. मैत्रिणींना मी उलट बोलू शकत होते, त्या सभेत मला तशी जागा ठेवलेली नव्हती. ज्याची चेष्टा करता त्याला तुमची चेष्टा करता आली पाहिजे, याशिवाय मला दुसरी कसोटी माहीत नाही.

घरातली नाती बघितली तर हीच कसोटी लागते. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, आजोबा-नातू, आत्तेभाऊ-मामेबहीण, या जोड्यांत चेष्टा चालते, कारण ती दोन्ही बाजूंनी चालते. आमच्याकडं मामाची मुलगी करण्याची रीत जुनी, कन्नड घरांतही आणि मराठी घरांतही, त्यामुळं मामेबहिणीची चेष्टा करायला अख्ख्या घराची परवानगी असायची. सासरा-सून ही जोडी मात्र त्यात नाही. तिथं एक बाजू गप्प बसायला बांधलेली असते.

आता शिमग्याचं सांगायलाच हवं. माझं आजोळ संकेश्वरकडं. तिथं दोन्ही भाषांची पोरं मिळून होळीची लाकडं गोळा करायची, आणि गोळा करायची म्हणजे बरीचशी चोरायची. कन्नड पोरं कामण्णाचं, म्हणजे होळीत जाळायच्या कामदेवाचं, गाणं म्हणत गल्लीभर फिरायची. कामण्णाची पोरं चोर, काय काय चोरलं, लाकडं चोरली, शेण्या चोरल्या, अशा अर्थाचं ते गाणं आहे, मध्ये एक चांगली सणसणीत शिवीसुद्धा. चोर स्वतःच गावभर ओरडून सांगत असतात की आम्ही चोर. त्यामुळं ज्याच्या परसात शेण्यांचा उडवा असेल तो म्हातारा राखण करत बसायचाच. आणि तरी सकाळी उडव्याचा एक कोपरा गेलेलाच असायचा. एकदा तर आमच्या आजोबांच्या बैलगाडीचं जुनं जू गेलं. होळीवर चढलेलं लाकूड परत काढायचं नाही असं आमच्याकडं मानतात. आजोबा संध्याकाळी होळीपाशी गेले, ढिगावरचं आपलं जू त्यांनी ओळखलं, हातानं ते नीट आडवं करून ठेवलं म्हणजे चांगलं पेटेल, आणि पोरांच्या म्होरक्याला म्हणाले, "पुढच्या सालाला गाडीच न्या की रे." पुढच्या साली पोरांनी गाडी खरोखरच नेली. जाळली नाही. मारुतीच्या देवळापुढं नेऊन उभी केली आणि त्यात आजोबांच्याच अंगणातली बाज टाकून ठेवली. ती आणायला आजोबा स्वतः गेले, बाजेवर बसले आणि पोरांनाच गाडी ओढत घरापर्यंत न्यायला लावली. अर्धी पोरं 'कामण्णा, कामण्णा' ओरडत होती, अर्धी 'होळी रे होळी', आणि आजोबा वरून दोन्ही भाषांत हाकत होते.

भाचा आता सातवीत आहे. त्याच्या मोबाइलवर हल्ली सगळीकडं 'प्रँक' असतो. मराठी पोरगा म्हणतो प्रँक केला, कन्नड पोरगा म्हणतो प्रँक माड्या. त्याला मी विचारलं, प्रँक आणि चेष्टा यात फरक काय? थोडा विचार करून तो म्हणाला, "प्रँक दुसऱ्यांना दाखवायला करतात. चेष्टा आपल्या आपल्यात असती." मग त्याला शेडमधल्या शेपटाची गोष्ट सांगितली. ती तो पुढच्या निबंधात लिहिणार आहे, आणि शब्द चेष्टाच वापरणार आहे. लाल रेघ आली तर बाईंना दाखवायला म्हणून निश्चेष्ट, माकडचेष्टा आणि काकचेष्टा हे तीन शब्द मी त्याला वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलेत.